सेनापतींची दाढ आणि आईचा वाढदिवस

"आ करा. अजून मोठा. एवढ्या मोठ्या सभा गाजवता, आणि तोंड एवढंच उघडतं होय?"

खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाने मुकाट्याने जबडा ताणला. ताईने आरसा आत घातला, दिवा खाली ओढला आणि मनातल्या मनात म्हटलं, भोपू, मेल्या, आज तुझी धडगत नाही.

भोपू म्हणजे तिचा पाठचा भाऊ. लहानपणी तो रडायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव पडलं, आणि तो परराष्ट्रमंत्री झाला तरी घरात ते पुसलं गेलं नाही. सकाळीच त्याचा फोन आला होता. "ताई, माझे एक मित्र आहेत. धान्याचे व्यापारी. दाढ फार दुखतेय बिचाऱ्यांची. रविवारी तुझा दवाखाना बंद असतो ना? तेच बरं. मागच्या दाराने आणतो. नाहीतरी आईच्या वाढदिवसाला मी येतोच आहे."

व्यापारी आले ते टोपी, काळा चष्मा आणि गळ्याभोवती मफलर अशा थाटात. पण ताई माणसं चेहऱ्याने ओळखत नाही, दातांनी ओळखते. पुढच्या दोन दातांमधली ती फट आणि उजव्या सुळ्याचा उडालेला टवका तिने कितीतरी वेळा पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी सीमेवरच्या छावणीत ती मुलांचे दात बघायला गेली होती. नदीकाठच्या शहरावर बाँब पडले तेव्हा पळून आलेली ती मुलं. त्यांच्या सामानात शाळेची पुस्तकं होती, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर हेच दात हसत होते. खाली लिहिलेलं, 'आपले लाडके सरसेनापती.' त्या छावणीतला एक मुलगा काही केल्या तोंडच उघडेना. तळघरात लपले असताना त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आवाज करायचा नाही. मग त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या माणसाच्या नावाने अटक वॉरंट काढलं होतं. आणि त्या न्यायालयाच्या करारावर या देशाच्या वतीने सही कोणी केली होती? छाती फुगवून, कॅमेऱ्याकडे बघत? भोपूने.

बाहेर बाकावर सेनापतींचे दोन अंगरक्षक बसले होते. दोघांचे गाल सुजलेले. ताईने सुट्टी असूनही बोलावून घेतलेल्या मदतनीस डॉक्टरणीने सहज विचारलं, तर एक जण काकुळतीला येऊन म्हणाला, "आमच्याकडे दातांचा डॉक्टर उरलाच नाही हो. एकाच्या हातून साहेबांना कळ लागली, तो तुरुंगात गेला. बाकीचे पळाले." मग काय, पलीकडच्या खोलीत एकाच्या तोंडात कापूस बसला आणि दुसऱ्याच्या तोंडात मापाचा साचा. दोघेही आता तोंडातून ब्र काढू शकत नव्हते.

ताईने बधिर करायची सुई देऊन सेनापतींच्या दाढेत औषध भरलं. "हे मुरायला अर्धा तास लागतो. मग वरून सिमेंट लावते. बधिरपणा आहे तोवर बोलायचं नाही, गाल चावायचा नाही, उठायचं नाही."

तिने हात धुतले आणि जिना चढून वर घरी गेली.

*

वर धाकट्या भावाने नुकतंच डुगडुगं आणून खोलीच्या मध्यभागी ठेवलं होतं.

डुगडुगं म्हणजे बाबांनी सुतारकाम शिकताना केलेलं पहिलं स्टूल. चार पायांपैकी एक आखूड. पुढे बाबांचं फर्निचरचं वर्कशॉप नावारूपाला आलं, पण हा पाय त्यांनी कधी नीट केला नाही. "राहू दे तसाच. चूक दिसली पाहिजे," म्हणायचे. आणि त्यांनीच घरात हा नेम घातला: ज्याचा वाढदिवस असेल त्याने घरातल्या एकाला डुगडुग्यावर बसवायचं आणि एक प्रश्न विचारायचा. पुरतं उत्तर येईपर्यंत केक कापायचा नाही. सभेचा अध्यक्ष घरातला सगळ्यात लहान माणूस, कारण मोठ्यांना मोठ्यांची भीड पडते. बसणारा चुळबुळला की स्टूल वाजतं, टक्. याच स्टुलावर भोपूने एकदा काच फोडल्याचा आळ मांजरावर घातला होता आणि इतकं टक्टक् वाजलं होतं की मांजरच खोलीतून निघून गेलं.

धाकटा आज धास्तावलेला होता. आई आपल्यालाच बसवणार याची त्याला खात्री होती. वर्कशॉपमधलं बाबांचं लाकूड तासायचं जुनं रंधायंत्र त्याने आईला न विचारता भंगारात दिलं होतं. त्यामुळे तो सकाळपासून आईशी अति गोड वागत होता.

"आई, उशी देऊ? आई, पंखा लावू?"

"थंडीत पंखा?" आई म्हणाली. "रंधायंत्र कुठे आहे रे?"

"टिकली! आजीला तुझं चित्र दाखव बघू!" धाकटा ओरडला.

टिकली म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी आणि आजच्या सभेची अध्यक्ष. तिच्या हातात आजीची शाळेतली जुनी पितळी घंटा होती आणि चेहऱ्यावर अशी गंभीरता, की भल्याभल्या न्यायाधीशांनी शिकवणी लावावी.

तेवढ्यात ताई आत आली आणि थेट आईच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"आई, यंदाचा तुझा प्रश्न मला देशील?"

आईने वर पाहिलं. आयुष्यभर तिने पहिलीच्या मुलांना शिकवलं होतं. कोण रडणार आहे, कोणाला बाहेर जायचंय आणि कोणाच्या दप्तरात बेडूक आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. ती म्हणाली, "दिला."

धाकट्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की केकवरची मेणबत्ती विझली.

"भोपू," ताई म्हणाली, "बस."

*

भोपूने घड्याळाकडे पाहिलं. पाहुण्यांचं परतीचं विमान चार वाजता. खिशातला फोन एकसारखा थरथरत होता. "ताई, आज नको गं. मला जरा घाई आहे."

टण्! टण्! टण्! "मोठे काका, बसा," टिकली म्हणाली.

दुसऱ्या देशांच्या मंत्र्यांशी तासन्‌तास बोलून काहीच न सांगण्याची कला भोपूला अवगत होती. त्याला वाटलं, त्यात काय एवढं. तो बसला. टक्.

"मी माझ्या रुग्णाचं नाव सांगणार नाही," ताई म्हणाली. "त्याच्या दाताबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण माझ्या भावाबद्दल मी विचारू शकते. भोपू, आज तू माझ्या दवाखान्यात कोणाला आणलंस?"

"एका व्यापाऱ्याला." टक्.

"कसला व्यापारी?"

"धान्याचा." टक्. "म्हणजे, त्यांचा व्यवसाय तसा बहुअंगी आहे." टक् टक्. "हे बघा, काही भेटी अशा असतात की ज्या झाल्या असं म्हणता येत नाही आणि झाल्या नाहीत असंही..." टक् टक् टक्.

"घोडा चाललाय का रे घरात?" आईने विचारलं.

धाकटा हळूच वाकला आणि पुठ्ठ्याची घडी करून स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली. दादासाठी एवढं तर करायलाच हवं. नव्या सभागृहातल्या खुर्च्यांचं काम वर्कशॉपला मिळायची वेळ आली होती, आणि मंत्र्याचा भाऊ असणं आडवं येत नसतं.

"बाबा!" टिकली किंचाळली. "अध्यक्षांना दिसतंय!"

"मी आपलं... फरशी वर-खाली आहे म्हणून..."

"पुठ्ठा जप्त," टिकली म्हणाली, आणि पुठ्ठ्यावर स्वतःच बसली.

सगळे हसले. भोपूही हसला, आणि हसता हसता त्याला एकदम दमल्यासारखं वाटलं. या खोलीत त्याला कोणी 'साहेब' म्हणत नव्हतं. इथे सगळ्यांनी त्याला शेंबडा पाहिलेला होता.

"सरसेनापती आहेत," तो म्हणाला. "शेजारच्या देशाचे."

स्टूल गप्प.

"खाली?" धाकटा ओरडला. "आपल्या खाली? म्हणजे मी मघाशी ज्याला म्हटलं, की काका, जिन्यात उभे राहू नका, वाट सोडा, तो...?"

"तोच."

"आणि तो सरकला!" धाकट्याला आपल्याच पराक्रमाची गंमत वाटायला लागली. "सैन्यं सरकवणारा माणूस मी सरकवला!"

"मला वरून सांगितलं होतं," भोपू म्हणाला. "पंतप्रधानांनी. दाढ दाखवा, गुपचूप परत पाठवा. आपला गॅस त्यांच्याकडून येतो. त्यांना धरलं तर नळी बंद होईल. ऐन थंडीत. घराघरांत लोक कुडकुडतील. यात माझा काय स्वार्थ आहे? हे देशहित आहे."

टक्, असा अगदी बारीक आवाज आला. पण बारीकच. कारण थंडीचं तो खरं बोलत होता.

*

वहिनी इतका वेळ बशा पुसत होती. पुसलेल्याच बशा ती पुन्हा पुसत होती. नवऱ्याची, म्हणजे भोपूची, सगळी भाषणं तीच लिहायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याच्या शर्टाला इस्त्री करता करता. लग्न झाल्यापासून वादात तिने कधी नवऱ्याची बाजू सोडली नव्हती. मागे ताईशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हाही नाही.

तिने बशी खाली ठेवली.

"अहो, एक आठवतंय का? करारावर सही केलीत त्या दिवशीचं. 'ज्याच्या हुकुमाने घरं पडली, त्याला आमच्या देशात उभं राहायला एकच जागा मिळेल, न्यायालयात.'"

"आठवतंय की. काय टाळ्या पडल्या होत्या!"

"ते वाक्य मी लिहिलं होतं."

"हो, पण ते..." भोपू अडखळला. "ते भाषण होतं."

टक्.

इतका मोठा आवाज डुगडुग्याने मांजराच्या वेळीही काढला नव्हता. वहिनी उठली, स्वतःची खुर्ची उचलली आणि ताईच्या शेजारी नेऊन ठेवली. खुर्ची लहानशी, अंतर दोन हातांचं. पण विरोधी पक्षाच्या अविश्वास ठरावातही भोपू इतका एकटा पडला नव्हता.

"वहिनी पण गेल्या?" धाकटा कुजबुजला. त्याने सभागृहातल्या खुर्च्यांचा विचार केला, मग ताईकडे पाहिलं, मग आईकडे. आणि त्याने आपलीही खुर्ची उचलली.

"तू कुठे निघालास?" भोपू कळवळून म्हणाला.

"दादा, मी खुर्च्या करतो. कुठल्या बाजूला ठेवायच्या ते मला कळतं." मग उत्साहाने म्हणाला, "ताई, सोप्पं आहे! भुलीचं औषध थोडं जास्त दे. पोलीस येईपर्यंत घोरत पडू दे बेट्याला!"

"मी त्यांचे बूट लपवू?" टिकलीने विचारलं.

"विमान चुकेपर्यंत दाढ कोरत बस," वहिनी म्हणाली. तिला आता चेव चढला होता. "मी जिन्यावर तेल ओतते!"

"थांबा सगळे!" ताई इतक्या जोरात म्हणाली की टिकलीने आपोआप घंटा वाजवली. "माझ्या खुर्चीत बसलेला माणूस माझा रुग्ण. त्याची दाढ मी नीटच करणार. एक मिनिट उशीर करणार नाही आणि एक मिनिट घाईही करणार नाही. तुमची कामं माझ्या सुईवर ढकलू नका. वॉरंट कुठे आहे, भोपू?"

भोपू खाली बघत म्हणाला, "माझ्या टेबलावर. पोलीस आयुक्तांकडे पाठवायचं काम माझं. कायद्याने लगेच पाठवायचं असतं. मी ते... सोमवारी बघू म्हणून ठेवलंय."

भोपूने आशेने आईकडे पाहिलं. काचेच्या वेळी शेवटी आईनेच त्याला जवळ घेतलं होतं.

"आई, तू सांग. गॅस बंद झाला तर?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला. कठीण गणित आलं की ती आधी चष्मा पुसायची.

"बाळा, वर्गाची काच फुटली की मी काय विचारायचे? काच महाग होती का, असं विचारायचे?"

"नाही. दगड कोणाचा, असं विचारायचीस."

"आणि दगड मारणारा घरून मोठा डबा आणत असेल, सगळ्यांना खाऊ देत असेल, तर?"

भोपू खिशातला फोन चाचपायला लागला.

"तरी दगड त्याचाच. खाऊचं काय करायचं ते मग सगळा वर्ग मिळून ठरवतो. थंडी खरी आहे, मी नाही कुठे म्हणतेय? मग जा आणि लोकांना सांग. म्हणावं, असं असं आहे, गॅस जाईल, स्वेटर काढून ठेवा. लोक चिडतील, तुला बोलतील. तेवढं ऐकून घ्यायचं. पण त्यांना न सांगता, त्यांच्या नावावर, मागच्या दाराने?" आईने मान हलवली. "मांजराला बोलता येत नाही म्हणून काही तुझं खरं होत नाही."

भोपूच्या ओठांच्या कडा थरथरल्या. तो रडेल असं क्षणभर वाटलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल म्हणून धाकट्याने घाईघाईने खिडकी लावली.

पण भोपूला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. "पंतप्रधानांना वाटलं, तुझ्या बहिणीचा दवाखाना म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा! आणि मलाही वाटलं! आईच्या वाढदिवशी! डुगडुगं बाहेर काढायच्या दिवशी!" त्याने डोळे पुसले. "मी उद्या मंत्री नसणार, कळतंय ना तुम्हाला?"

"मग उद्या मला शाळेत सोडायला याल?" टिकलीने विचारलं.

"येईन."

"गाडीने नाही. चालत."

"चालत."

त्याने फोन काढला आणि सचिवांना लावला. "ते वॉरंट आहे ना टेबलावर? आयुक्तांकडे पाठवा. हो, आत्ता. रविवार असला तरी. आणि त्यांना सांगा, इसम कुठे आहे ते मला माहीत आहे. पत्ता लिहून घ्या. माझ्या आईचं घर. खालचा मजला."

त्याने फोन ठेवला आणि पाय मोकळे करायला उठला. वहिनीने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

आणि दार उघडलं.

*

दारात सरसेनापती उभे होते. गळ्यात दवाखान्यातला निळा कागदी रुमाल, एक गाल लोंबलेला, ओठ वाकडा. अर्धा तास होत आला तरी कोणी येईना, अंगरक्षकांना हाक मारली तर पलीकडून नुसतं 'ऊं ऊं' आलं, आणि वरून तर हसण्याचे फवारे ऐकू येत होते. आपल्याशिवाय कोणी हसतंय, हे त्यांच्या देशात होत नसे. ते बघायला आले.

सगळे जागच्या जागी थिजले. खोलीत एकच जागा रिकामी होती.

टण्! "बसा," टिकली म्हणाली.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हा हुकूम आपल्याला आहे, हे समजायलाच त्यांना थोडा वेळ लागला. मग, सवय नसल्यामुळे की काय, ते बसले. टक्. सावरायला गेले, टक् टक्. पाय रोवून बघितले, टक् टक् टक्.

टिकली पुठ्ठ्यावरून उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही काय केलंत?"

त्यांना इथली भाषा मोडकीतोडकी येत होती, पण एवढा प्रश्न समजला. त्यांनी तोंड उघडलं. "म्... भ्भ..." ओठ हलेना, जीभ वळेना. ज्या आवाजापुढे पलटणी उभ्या राहायच्या, त्यातून लाळेचा एक थेंब तेवढा निघाला.

ते रागाने उठायला लागले. आईने बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका. "बसा हो. उत्तर दिल्याशिवाय उठायचं नसतं."

आणि तो माणूस बसला. प्रत्येक सेनापती कधीतरी पहिलीत असतो.

"नीट बोलता येईपर्यंत बसा," टिकलीने समजूतदारपणे सांगितलं. "आम्हाला घाई नाही."

आयुक्त आले तेव्हा ताईनेच खाली जाऊन दवाखान्याचं दार उघडलं. त्यांच्या हातात वॉरंट होतं आणि मागे शिपाई. ताई दारात आडवी उभी राहिली. "थांबा. दाढ उघडी आहे. औषध मुरलंय, आता त्यांना वरून खाली आणून सिमेंट लावते, मग न्या." आणि खरोखरच आयुक्त बाकावर बसून राहिले. पलीकडच्या खोलीतून साचा तोंडात घेतलेल्या अंगरक्षकाने त्यांच्याकडे पाहून हात वर केले. दुसऱ्याने कापूस सांभाळत विचारलं, त्याची दाढ पुरी झाल्यावर त्याला इथेच राहता येईल का.

सेनापतींना गाडीत बसवताना ताईने आयुक्तांना बजावलं, "दोन दिवस कडक काही चावायला देऊ नका. आणि बधिरपणा संध्याकाळपर्यंत जाईल. मग बोलता येईल त्यांना. सगळं."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती रस्त्यावर उभी होती. तिला छावणीतला तो तोंड मिटलेला मुलगा आठवत होता.

*

वर आईने केक कापला. धाकट्याने आनंदाच्या भरात रंधायंत्राचं आपणहून सांगून टाकलं, आणि आई म्हणाली, "पुढच्या वाढदिवसाला बघते तुला."

भोपू केकची बशी घेऊन पुन्हा डुगडुग्यावर जाऊन बसला.

"आता तिथे कशाला?" वहिनीने विचारलं.

"उद्या सभागृहात उभं राहून सगळं सांगायचंय. सवय करतोय."

"भाषण लिहून देऊ?"

"नको. तसंच सांगतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर पंतप्रधानांचं नाव होतं. सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. भोपूने बशी मांडीवर ठेवली आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आरडाओरडा खोलीभर ऐकू येत होता. भोपू ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही साहेब. गैरसमज नाही, कोणाची चूक नाही, सचिवांचीही नाही. मीच सांगितलं."

स्टूल वाजलं नाही.

टिकली गुडघ्यांवर बसली, डोकं फरशीला टेकवलं आणि आखूड पायाखाली निरखून पाहिलं, कोणी पुन्हा पुठ्ठा तर सरकवला नाही ना.

नव्हता सरकवला.